210 हॉर्सपॉवर ओढणारा रॉड 140 ला कसा वाकला

स्टॉक रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे कंपनीचे मूळ दांडे, किती बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जास्तीचा दाब) घेतात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. टर्बो बसवायच्या आधी मीपण तोच विचारत फिरत होतो आणि सगळ्यांना मिळतात तशीच उत्तरं मला मिळाली होती, कोणी म्हणे आठ पीएसआय (दाबाचं एकक), कोणी म्हणे बारा, एकाने तर सांगितलं की पंधरा आरामात चालवतो, फक्त ट्यून नीट पाहिजे. मग माझा रॉड वाकला. इंजिन खोललं, मोजलं, लॉग काढून बसलो तेव्हा कळलं की प्रश्नच चुकीचा होता. म्हणून आख्खं प्रकरण लिहून काढतोय, आकड्यांसकट. यात माझ्या चुका भरपूर आहेत, आधीच सांगतो.

गाडी पेट्रोल, 4 सिलिंडर, 1.8 लिटर, बोअर 83 मिमी, स्ट्रोक 85 मिमी, कॉम्प्रेशन 10:1, कंपनीतून निघाली तेव्हा टर्बो नव्हता. रॉड कंपनीचेच, पावडर मेटल फोर्ज केलेले, क्रँकभोवतीच्या टोकाची खालची अर्धी बाजू म्हणजे कॅप तोडून वेगळी केलेली असते ना तसले. मध्यम साइजचा टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, स्टँडअलोन ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर. बूस्ट 0.8 बार, म्हणजे साडेअकरा पीएसआयच्या आसपास, आणि तो पूर्ण यायला साडेचार हजार आरपीएम लागायचे. डायनोवर (पॉवर मोजायचं यंत्र) 6,000 ला 250 न्यूटन मीटर म्हणजे 210 हॉर्सपॉवर, फ्लायव्हीलला धरून. हे इंजिन 14 महिने असंच चाललं, रोजचं येणंजाणं, अधूनमधून ट्रॅकवर, 7,000 पर्यंत ओढायचो. एक तक्रार नाही.

तक्रार माझीच होती, टर्बो उशिरा येतो म्हणून. मग लहान टर्बाइन हाउसिंग, म्हणजे टर्बोचं एक्झॉस्टकडचं कवच, घातलं. गाडी एकदम मजेशीर झाली, 3,200 लाच पूर्ण बूस्ट, रस्त्यावर दुप्पट जोर वाटायला लागला. पीक पॉवर उलट थोडी कमी झाली होती, म्हणून मला वाटलं इंजिनावरचा ताण कमीच झाला असणार. सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

हाउसिंग बदलल्यावर तीनेक आठवड्यांनी एक लांब चढ, गरम दुपार, वरचा गिअर. गिअर खाली घ्यायचा कंटाळा केला आणि 3,000 वरून पूर्ण अ‍ॅक्सिलेटर दाबला. गाडीने मस्त खेचलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि मी मूर्खासारखा खूश झालो. नॉकिंगचा, म्हणजे न जळलेलं मिश्रण आपोआप फुटण्याचा, आवाज आला असेल तरी एक्झॉस्टच्या आवाजात मला ऐकू आला नाही. वर पोचून थांबलो तर आयडलला बारीक थरथर आणि खालून हलकी टकटक. गाडी चालत होती, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. टो करून आणली, आणि तेवढं एक शहाणपण केलं.

सगळ्यात आधी कॉम्प्रेशन टेस्ट. 180, 178, 155, 180. तीन नंबर कमी. ऐकणाऱ्या सगळ्यांचं एकच मत, रिंग गेली किंवा व्हॉल्व्ह जळला, हेड उतरव. मग लीकडाउन टेस्ट केली, म्हणजे पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. तीन नंबर 7 टक्के. बाकीचे पण 6-7 च. म्हणजे हवा धरून ठेवायला सिलिंडर एकदम तंदुरुस्त आणि तरीही कॉम्प्रेशन कमी.

हे कोडं कधी समोर आलं तर लगेच रॉडवर संशय घ्या. हवा गळत नाहीये, ती मुळात कमी दाबली जातेय, कारण पिस्टन वर पूर्ण पोचतच नाहीये. या इंजिनात प्लगचं भोक मधोमध आणि सरळ आहे, त्यामुळे एक बारीक सळई पिस्टनवर टेकवून वर डायल गेज लावला आणि चारही सिलिंडरचं टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, मोजलं. तीन नंबरचा पिस्टन 1.3 मिमी खाली राहत होता. हिशोब करून बघितला, एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम 460 सीसी, 10:1 ला वरची जागा 51 सीसी, त्यात 1.3 मिमीचे 7 सीसी वाढले तर कॉम्प्रेशन रेशो 8.9 वर येतो. गेजवर 180 चे 155 होणं त्यात बरोबर बसतं. हेड उतरवायच्या आधीच उत्तर मिळालं होतं.

इंजिन खोलल्यावर जे दिसलं ते जरा सावकाश सांगतो, कारण रॉड कशामुळे गेला हे भागांवरच लिहिलेलं असतं आणि लोक भाग धुऊन टाकतात आणि मग अंदाज बांधत बसतात.

तीन नंबरचा रॉड उघड्या डोळ्यांना वाकलेला दिसत होता, दांड्याच्या मध्यावर साधारण 8 मिमीचा बाक. ऐकायला खूप वाटतं, पण 133 मिमी लांबीचा रॉड फक्त 1.3 मिमी आखूड व्हायला एवढा बाक यावाच लागतो. पिस्टन खाली जाताना स्कर्टची कड क्रँकच्या काउंटरवेटला घासत होती, तिथे नखाएवढा चकचकीत चट्टा. टकटक त्याचीच. बोल्ट मात्र चारही रॉडचे शाबूत, ताणलेले नाहीत, कॅप घट्ट.

बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बेअरिंग शेल बघा, माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा तोच. वरचा अर्धा शेल म्हणजे रॉडच्या बाजूचा, त्यावर मधोमध ठोकून चपटा केल्यासारखा गुळगुळीत पट्टा होता. खालचा म्हणजे कॅपमधला शेल जवळपास नवा. स्फोटाचा दाब वरच्या शेलवर येतो, आणि जास्त आरपीएमला पिस्टन वरून परत फिरताना जी ओढ बसते ती कॅपच्या शेलवर येते. त्यामुळे हा रॉड ओढला गेला नव्हता, दाबला गेला होता. ओव्हररेव्हने, म्हणजे मर्यादेबाहेर आरपीएम नेल्याने, गेलेल्या इंजिनात चित्र उलट असतं, तिथे बोल्ट तुटतो, कॅप उघडते आणि रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. रॉड गेला म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच येतं, पण दाबाने वाकणं हा पूर्ण वेगळा आजार आहे.

प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर भिंगातून बारीक काळे आणि चंदेरी ठिपके दिसले. चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे डेटोनेशन, तेच नॉकिंग, झालंय. पाणी आत जाऊन हायड्रोलॉक झाला असेल अशी एक शंका मित्राने काढली आणि ती रास्त होती, कारण वाकलेल्या रॉडचं ते नेहमीचं कारण आहे, पण फिल्टर कोरडा, इनटेकमध्ये पाण्याची खूण नाही, इंजेक्टर टपकत नव्हते, आणि हायड्रोलॉकने प्लगवर अ‍ॅल्युमिनियम येत नाही. ती शंका तिथेच मिटली.

उरलेले तीन रॉडपण मोजून घेतले. एक आणि चार बरोबर. दोन नंबर 0.1 मिमी आखूड. म्हणजे तोपण वाकायला लागलाच होता, तीन नंबरचा नंबर आधी लागला इतकंच.

आता ईसीयूचा लॉग. 3,250 आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर (इनटेकमधला दाब, बाहेरच्या हवेचे साधारण 100 धरून) 212 केपीए. मी ठरवलेलं होतं 180. म्हणजे 0.8 च्या जागी 1.1 बारच्या वर बूस्ट चालला होता. कारण शोधायला पाच मिनिटं लागली. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, तिच्या अ‍ॅक्च्युएटरच्या रबरी नळीला टोकाशी चीर होती, अ‍ॅक्च्युएटरला खरा दाब कळतच नव्हता त्यामुळे तो गेट उशिरा आणि कमी उघडत होता. नळी पूर्ण सुटली असती तर बरं झालं असतं, कारण बूस्ट कट (ज्या दाबापुढे ईसीयू इंजिनाची ताकद तोडतो ती मर्यादा) मी 220 ला ठेवला होता आणि तो लागला असता. अर्धवट चिरली म्हणून दाब 212 वर येऊन राहिला, कटच्या जरा खाली.

दुसरं म्हणजे माझा इग्निशनचा टेबल, म्हणजे कुठल्या दाबाला ठिणगी किती आधी द्यायची ती यादी, 190 केपीएला संपत होता. त्याच्या वर गेलं की ईसीयू शेवटच्याच ओळीतला आकडा वापरतो. म्हणजे 212 केपीएवर इंजिनला 190 चं टायमिंग मिळत होतं, 10 डिग्री, जिथे 6 च्या आसपास हवं होतं. इनटेकची हवा 61 डिग्री सेल्सिअस. आणि नॉक सेन्सर बसवलेला होता, नॉक लॉगमध्ये स्पष्ट दिसतोय, पण त्यावरून टायमिंग मागे घ्यायचं फंक्शन मीच बंद करून ठेवलं होतं, कारण कडक माउंटमुळे खोटे नॉक यायचे आणि ते नीट फिल्टर करायचा मला कंटाळा आला होता. हा सगळा तमाशा 4 सेकंद चालला. 3,250 ला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला 27 स्फोट होतात, म्हणजे शंभरेक स्फोटात काम तमाम.

टॉर्क हिशोबाने 310 न्यूटन मीटरच्या आसपास येतो. 3,250 ला 310 म्हणजे किती हॉर्सपॉवर? 141. ज्या रॉडांनी 14 महिने 210 ओढले ते 141 ला वाकले. म्हणून "स्टॉक रॉडवर एवढे हॉर्सपॉवर सेफ" असं कोणी सांगितलं की मी आता पुढचं ऐकतच नाही.

हे असं का होतं ते रॉडच्या जागी बसून बघायला पाहिजे. रॉडला बूस्ट माहीत नसतो, हॉर्सपॉवर पण माहीत नसते. त्याला दोनच गोष्टी कळतात, वरून स्फोट किती दाबतोय आणि पिस्टनचं वजन किती ओढतंय. ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. माझ्या इंजिनात पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून साधारण 550 ग्रॅम धरले तर 7,000 ला ती ओढ 16.6 किलोन्यूटन, म्हणजे पावणेदोन टनाच्या जवळ. 8,000 ला नेलं तर 21.7. फक्त हजार आरपीएमला 30 टक्के वाढ, आणि यात टर्बोचा काही संबंध नाही, बूस्ट शून्य असला तरी ती तेवढीच. बोल्टचं आयुष्य ठरतं ते इथे.

आता गंमत अशी की पिस्टन वर असताना स्फोट त्याला खाली दाबतो आणि त्याच वेळी पिस्टनचं स्वतःचं वजन त्याला वर फेकायला बघत असतं. दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे जास्त आरपीएमला ही ओढ रॉडला दाबापासून थोडी वाचवते. ढोबळ आकडे मांडतो, सिलिंडरमधला दाब मी मोजलेला नाही, टॉर्कवरून अंदाजाने धरलाय. 6,000 ला 250 न्यूटन मीटर, पीक दाब 90 बार धरा, 83 मिमीच्या पिस्टनवर त्याचे 48.7 किलोन्यूटन होतात, त्यातून ओढीचे 12.2 वजा करा, रॉडवर राहिले साडेछत्तीस. 3,250 ला 310 न्यूटन मीटर, दाब 110 बार धरा, 59.5 किलोन्यूटन, पण ओढ आता फक्त 3.6, रॉडवर 56. पॉवर दोन तृतीयांश आणि रॉडवरचा दाब दीडपट! आणि यात नॉकचे झटके अजून धरलेलेच नाहीत, ते या सगळ्याच्या वर येतात आणि हातोड्यासारखे येतात. कमी आरपीएमला नॉक व्हायची शक्यतापण जास्त, कारण कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला तापायला जास्त वेळ मिळतो.

लहान हाउसिंगने मी नेमकं हेच केलं होतं, सगळा टॉर्क उचलून रॉडला सगळ्यात जड पडेल अशा जागी आणून ठेवला. नळी चिरली नसती तर रॉड वाचला असता का? बहुतेक हो, निदान काही महिने. पण दोन नंबरचा 0.1 मिमी बघून मला एवढी खात्री वाटत नाही.

इंजिनिअरिंग केलेल्यांना मशीन डिझाइनचा पेपर आठवत असेल, आय सेक्शनच्या रॉडमध्ये एका दिशेचा मोमेंट ऑफ इनर्शिया (आकारामुळे वाकायला होणारा विरोध) दुसरीच्या चौपट ठेवतात. कारण झोक्याच्या दिशेने दोन्ही टोकं पिनवर मोकळी फिरतात आणि आडव्या दिशेने ती पकडलेली असतात, मग दोन्ही दिशांना वाकायचा धोका सारखा यावा म्हणून हा चारचा हिशोब. यूलरने 1744 साली बारीक खांब दाबाने कसा वाकतो ते मांडलं, रॉड तेवढा सडपातळ नसतो म्हणून पुस्तकात रँकिनचं सूत्र लावतात. पेपरात पाठ करून लिहिलेलं मला पंधरा वर्षांनी हातात धरून बघायला मिळालं.

एक गोष्ट लोक नेहमी तोंडावर फेकतात, की बीएमडब्ल्यूचं फॉर्म्युला वनचं टर्बो इंजिन साध्या गाडीच्या इंजिनावरच बनलं होतं आणि 1983 ला पिकेने त्यावर चॅम्पियनशिप जिंकली. खरं आहे, पण कंपनीच्या गाडीतून आला होता तो ब्लॉक. आतला माल सगळा रेसिंगचा होता. स्टॉक ब्लॉक आणि स्टॉक रॉड यात फरक असतो राव.

मग पुढे काय केलं. स्टॉक रॉड परत घालायचा विचार आला होता, जुन्या इंजिनातून सेट मिळत होता, पण इंजिन उघडलेलंच आहे तर परत तीच जोखीम कशाला. स्टॉक रॉडला नुसते चांगले बोल्ट घालू असापण एक सल्ला मिळाला. तो दोन कारणांनी बाद. एक तर माझा रॉड दाबाने गेला, बोल्ट ओढीसाठी असतात, वाकण्यावर त्यांचा काही उपयोग नाही. आणि दुसरं, नवीन बोल्टचा दाब वेगळा असतो, त्याने बिग एंडचं भोक किंचित अंडाकृती होतं, म्हणून कॅपची बाजू घासून भोक परत गोल करावं लागतं. तोडून बनवलेल्या कॅपचा खडबडीत सांधाच दोघांना जुळवतो, तो घासलात तर रॉड भंगारात. पॉलिश आणि शॉट पीनिंगचं (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) म्हणाल तर ते थकवा येऊन तडा जाण्यावर औषध आहे, पातळ दांडा त्याने जाड होत नाही.

शेवटी 4340 स्टीलचे फोर्ज्ड एच बीम रॉड घातले, एआरपी 2000 चे बोल्ट. बोल्ट टॉर्क रेंचच्या आकड्यावर न सोडता स्ट्रेच गेजने मोजून आवळले, म्हणजे बोल्ट खरंच किती लांबला ते बघून, कारण तेल आणि आट्यांच्या घर्षणाप्रमाणे रेंच खोटं बोलतो. हे काम करताना मशीनशॉपवाला माझ्यापेक्षा जास्त चिडचिडा होता आणि ते बघून मला बरं वाटलं. पिस्टनपण फोर्ज्ड घेतले, कारण तीन नंबरच्या दुसऱ्या रिंग लँडला (पिस्टनवरची दोन रिंगांमधली कड) केसासारखी चीर सापडली होती. रॉड तगडा केला की पुढचा नंबर पिस्टनचा, मग हेड गॅस्केट, मग क्लच, ही रांग कुठेच संपत नाही. रिंग गॅप 0.4 मिमीवर नेला, टर्बोत रिंगा जास्त तापून फुगतात, टोकं एकमेकांना भिडली तर लँडच उखडतो.

पण खर्चापेक्षा जास्त फरक लॅपटॉपवर पडलाय असं माझं मत आहे. टेबल 250 केपीएपर्यंत वाढवला, वरच्या ओळींत मुद्दाम घाबरट टायमिंग. बूस्ट कट 195 ला आणला. नॉक फिल्टर दोन संध्याकाळी बसून नीट लावला, रिटार्ड (नॉक झाला की टायमिंग मागे घेणं) चालू केला. आणि लहान हाउसिंग तसंच ठेवून बूस्ट आरपीएमप्रमाणे बांधला, 3,500 पर्यंत 0.5 बार, तिथून चढत 4,500 ला 0.8. वरच्या दोन गिअरमध्ये तर अजून कमी. चढाची मजा थोडी गेली, खोटं कशाला बोला.

माझ्यासारखंच इंजिन असलेला एक मित्र आहे, त्याने हे सगळं बघून रॉडला हातच लावला नाही, फक्त ईसीयूमधल्या या चार गोष्टी केल्या आणि रबरी नळ्या बदलून प्रत्येक टोकाला क्लिप मारल्या. दोन वर्षं झाली, 0.7 बार, स्टॉक रॉड. गेल्या महिन्यात उत्सुकता म्हणून त्याच्याही प्लगच्या भोकातून डायल गेज लावून बघितला. चारही पिस्टन एकाच उंचीवर, फरक 0.02 मिमीच्या आत.